आमच्याकडे घडत नाही

"सापडलं नाही, की नाहीच?" भंते उपसम यांनी विचारलं.

निशांत टेंभुर्णेने लॅपटॉप मिटला. "दोन्ही एकच आहे, भंते."

"असं?"

"सगळं इंटरनेट धुंडाळलं. ठरल्या वेळी यंत्रं चालवणारा हा प्रोग्राम जगभर वापरतात. दोष असता तर कोणीतरी ओरडलं असतं. कोणीच ओरडलेलं नाही. म्हणजे दोष नाही."

"आणि दोष नाही म्हणजे?"

"म्हणजे घंटा माणसाने अडवली."

"कोणत्या?"

निशांतने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

व्हरांड्याच्या टोकाला स्वयंपाकघर होतं. त्याच्या दाराला कुलूप होतं. किल्ली भंतेंच्या आसनाजवळ, पाण्याच्या तांब्याला टेकून पडलेली होती. सकाळी स्वयंपाक करणाऱ्या पार्बताबाई मेश्राम ती तिथे ठेवून, वंदन करून, काही न बोलता निघून गेल्या होत्या.

झालं होतं ते असं.

वैनगंगेकाठच्या त्या लहानशा विहारात भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, वर्षावास, चालू होता. भिक्खू मध्याह्नानंतर अन्न घेत नाहीत, म्हणून अकरा वाजता भोजनाची घंटा होते. ती घंटा वर्षानुवर्षं पार्बताबाईच देत आल्या होत्या. यंदा निशांत पुण्यातल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीतून रजा घेऊन सेवेसाठी आला आणि त्याने यंत्र बसवलं. ठरल्या वेळी घंटा आपोआप वाजू लागली, पहाटे उठायचीही. अडीअडचणीसाठी ती हाताने थांबवण्याचं आणि वाजवण्याचं एक बटणही त्याने स्वयंपाकघराच्या दाराशी लावलं. पार्बताबाईंना त्याने बजावून ठेवलं होतं: घंटेआधी पान वाढायचं नाही.

मंगळवारी गजभिये कुटुंबाने दिवंगत वडिलांच्या पुण्यानुमोदनानिमित्त भोजनदान दिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं. सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. घंटा झाली, वंदना झाली, पानं वाढली. भिक्खूंनी दोन-चार घास घेतले असतील, तोच गजभियेंच्या जावयाचं लक्ष मनगटाकडे गेलं.

बारा वाजत होते.

भंतेंनी हात थांबवला. बाकीच्यांनीही थांबवला. भरली पानं तशीच राहिली. गजभियेंच्या आईने पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि ती भिंतीकडे पाहत बसली.

निशांतने संध्याकाळी यंत्र तपासलं. घड्याळ अचूक होतं. वीज तोडून, पुन्हा जोडून पाहिली. तरीही अचूक. मग त्याने सर्वांसमोर निष्कर्ष सांगितला: भात शिजायचा होता, म्हणून मावशींनी घंटा बटणाने अडवली आणि अर्ध्या तासाने दिली.

"मी हात नाही लावला, बापू," पार्बताबाई म्हणाल्या होत्या. "भात तं कवाचाच उतरवून ठेवला होता."

"मी स्वतः पाहिलं, मावशी. असं घडत नाही."

भंते तेव्हा एवढंच म्हणाले होते, "शोधून ये."

आणि आता तो शोधून आला होता.

"काय लिहून शोधलंस?" भंतेंनी विचारलं.

चीवर घेण्याआधी भंते स्वतः याच व्यवसायात होते. लोकांनी कळवलेले सॉफ्टवेअरचे दोष वाचणं, हेच त्यांचं काम. निशांतला ते ठाऊक होतं. म्हणून त्याने जरा तोऱ्यातच सांगितलं, "क्लॉक ड्रिफ्ट. शेड्यूलर लॅग. सिंक फेल्युअर. नेमके शब्द आहेत, भंते."

"हे तुझं निदान झालं."

"निदानच तर शोधायचं."

"दवाखान्यात येणारा काय सांगतो? मला पित्ताशयाचा दाह झाला आहे, असं?"

"नाही... पोटात दुखतं म्हणतो."

"मग पोट दुखणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहा. डॉक्टरांच्या रांगेत काय करतोस?"

निशांतला हसू आलं. त्याने ते आवरलं.

"काय घडलं ते सांग. तुला काय वाटतं ते नको."

"घंटा अर्धा तास उशिरा झाली."

"त्याआधी?"

"आधी काही नाही. सोमवारी संध्याकाळी वादळ झालं, एवढंच. वीज गेली. ती आठच्या सुमाराला आली. इंटरनेटची तार मात्र तुटलीच होती, ती मंगळवारी दुपारी..."

तो थांबला.

"तू वीज तोडून पाहिलीस, तेव्हा तार जोडलेली होती?"

"...होती."

"म्हणजे अर्धंच वादळ आणलंस."

निशांत उठला. दोन्ही वायरी काढल्या. वीज पुन्हा जोडली, इंटरनेट तसंच तुटलेलं ठेवलं. यंत्राच्या घड्याळाकडे पाहत तो उभा राहिला. बराच वेळ. मग परत आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, जे लपवण्याचा त्याने फारसा प्रयत्न केला नाही.

"पाहिलं, भंते. पूर्ण वादळ आणलं. घड्याळ अचूक आहे. घडत नाही."

भंतेंनी तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं.

"तरी शोध."

निशांतने तार जोडली आणि साध्या शब्दांत लिहिलं: वीज गेल्यावर घंटा अर्धा तास उशिरा. समोर शाळेच्या घंटांच्या जाहिराती आल्या. गाढ झोपेचे उपाय आले. घंटेची योग्य दिशा सांगणारा एक वास्तुतज्ज्ञही आला.

"दिशा तरी बरोबर आहे ना आपली?" भंतेंनी विचारलं.

"भंते!"

"शोधयंत्र रुळलेल्या वाटेने नेतं. जिथे हजारजण गेले, तिथे तुलाही पोचवतं. जिथे एकच माणूस गेला, तिथे वाट कुठली?... प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या घरी गेलास का?"

"त्यांचा बग-ट्रॅकर आहे, वापरणारे तिथे दोष कळवतात. पण नाव नोंदवल्याशिवाय आत जाता येत नाही. बाहेरच्या सर्चलाही आतलं दिसत नाही."

"तुला नाव नाही?"

निशांतने ओठ मिटले. नाव नोंदवलं. आत गेला. पुन्हा तेच साधे शब्द लिहिले.

"शून्य," तो म्हणाला. आवाजात थोडा विजय होता.

भंते जरा पुढे झुकले. "त्या चौकटीच्या वर काय लिहिलं आहे?"

"'फक्त उघड्या नोंदी.' म्हणजे ज्यांवर काम चालू आहे त्या. बंद केलेल्या नोंदी कोण कशाला वाचेल? त्या निकालात निघालेल्या असतात."

"निकालात निघालेल्या, की निकालात काढलेल्या?"

निशांतने 'फक्त उघड्या नोंदी'समोरची खूण काढली. पडदा भरून गेला. पानांमागून पानं.

"आता हा समुद्र झाला, भंते. यातून कसं काढायचं?"

"किती उशीर झाला होता?"

"सांगितलं ना. अर्धा तास."

"अर्धाच का? दहा मिनिटं का नाही? दोन तास का नाही?"

निशांतने खांदे उडवले.

"ग्रीनिचला मध्यरात्र असते, तेव्हा आपल्याकडे किती वाजलेले असतात?"

"साडेपाच."

भंतेंनी उजव्या हाताची पाचही बोटं उघडली. मग डाव्या हाताचं एक बोट वर केलं आणि ते मधल्या पेरातून वाकवलं.

"हे वाकलेलं बोट पुण्यात किती जणांकडे आहे?"

"सगळ्यांकडेच."

"लंडनला? न्यूयॉर्कला?"

"तिथे... तिथे पूर्ण तास असतात. तिथे बोटं सरळच."

"मग सरळ बोटांच्या माणसांना काय विचारतोस?"

भंतेंचं बोट तसंच वाकलेलं राहिलं. निशांत बराच वेळ त्याच्याकडे पाहत होता. मग तो झपाट्याने लिहू लागला. आता तो देशांची नावं लिहीत होता, अर्ध्या तासाच्या देशांची. भारतातून काही नाही. श्रीलंकेतून काही नाही. म्यानमारमधून काही नाही. इराणमधून एक तक्रार होती, ती भलत्याच गोष्टीची होती. मध्य ऑस्ट्रेलिया, नाही. मग कॅनडाच्या पूर्वेचं बेट, न्यूफाउंडलंड.

एक नोंद.

"वाच," भंते म्हणाले.

निशांतने ती मराठीत करत वाचली.

"'माझ्या खुराड्यातला दिवा तुमच्या प्रोग्रामवर चालतो. वादळात वीज आणि इंटरनेट दोन्ही गेलं की दिवा अर्धा तास आधी लागतो. वीज परत आली तरी त्या दिवशी काही होत नाही. रात्र उलटली की होतं. इंटरनेट आलं की आपोआप बरं होतं, म्हणून मी कोणाला दाखवू शकत नाही. मी वेडी नाही. कोंबड्यांना घड्याळ कळत नाही, पण त्या माझ्यावर चिडल्या आहेत. मॉइरा.'"

निशांत मोठ्याने हसला. भंतेही हसले.

"पण हे आपलं नाही," निशांत म्हणाला, आणि त्याचं बोट पुढच्या नोंदीकडे निघालं. "ती म्हणते आधी. आपली घंटा उशिरा झाली. बरोबर उलटं."

"ही बाई ग्रीनिचच्या कुठल्या बाजूला राहते?"

"पश्चिमेला."

"आणि तू?"

बोट थांबलं.

"पूर्वेला..." निशांत म्हणाला. मग स्वतःशीच, हलक्या आवाजात: "तिचे उणे साडेतीन. अर्धं तोडलं की उणे तीन. घड्याळ पुढे जाणार, दिवा आधी लागणार. आपले अधिक साडेपाच. अर्धं तोडलं की पाच. घड्याळ मागे, घंटा उशिरा..."

त्याने वर पाहिलं.

"सुरी एकच आहे, भंते. मध्यरात्री तारीख बदलली की प्रोग्राम इंटरनेटला वेळेचा फरक विचारत असणार. इंटरनेट नसेल तर साठवलेला आकडा घेतो. आणि साठवताना अर्धा टाकून देतो. म्हणून मघाशी दिसलं नाही. मी रात्र उलटू दिली नाही."

"म्हणजे मंगळवारी पहाटेची घंटाही उशिरा झाली असेल."

"हो. नक्कीच."

"तरीच," भंते म्हणाले. "छान झोप झाली होती."

निशांत पुन्हा हसला. मग त्याने त्या नोंदीवरची तारीख पाहिली. चार वर्षांपूर्वीची होती.

"उत्तर काय दिलं तिला?"

"एकच ओळ आहे. 'आमच्याकडे...'"

तो अडखळला.

"वाच."

"'आमच्याकडे घडत नाही.'"

पावसाची बारीक सर व्हरांड्याच्या पत्र्यावरून सरकत गेली.

"ज्याने लिहिलं तो वाईट माणूस नसेल, भंते. त्याने करून पाहिलं असेल. त्याच्याकडे वादळ नव्हतं..."

"शेवटचा शब्द राहिला."

"...'बंद.'"

निशांतने मान वर केली. समोर स्वयंपाकघराचं दार होतं. दारावरचं कुलूप ओलं झालं होतं.



मग निशांतने लॅपटॉप जवळ ओढला. "दुरुस्ती लिहितो. चार ओळींचं काम आहे. आत्ता होईल."

भंतेंनी तांब्याशेजारची किल्ली उचलली आणि ती लॅपटॉपच्या अक्षरांवर ठेवली.

निशांतने किल्लीकडे पाहिलं. ती उचलली. छत्री न घेताच बाहेर पडला.

पार्बताबाई आपल्या घराच्या दारातच सूप घेऊन लाखोळीची डाळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काहून आलास, बापू?"

"मावशी, भात वेळेवर झाला होता."

"ते मले ठाऊक हाय. तुले कोनं सांगितलं?"

"एका बाईने. न्यूफाउंडलंडच्या."

सूप थांबलं. "ते आली होती का जेवाले?"

निशांत ओसरीच्या पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. वादळ, खुराडं, कापलेला अर्धा तास. पार्बताबाईंना त्यातलं किती पटलं ते कळत नव्हतं. कोंबड्या चिडल्या, तिथे मात्र त्या जरा हसल्या.

"मंग तिलेबी असंच म्हनले? आमच्याकडे असं होत नाही?"

"हो. असंच."

"म्हंजे सासर सगळीकडंच हाय." त्यांनी डाळीतला खडा काढून अंगणात टाकला. "माह्याबद्दल काय बोलला, त्याचं सोड. गजभियेची माय... तिनं धन्याच्या नावानं वाढलेलं पान भरलंच्या भरलं राह्यलं. तिले वाटते, माह्या आळसानं राह्यलं. तिच्यासमोर सांगशीन?"

"सांगेन."

"साऱ्यायसमोर बोलला होतास तू."

"सगळ्यांसमोरच सांगेन."

"बोलनं सोपं हाय, बापू."

"बोलणार नाही. दाखवीन."

पार्बताबाईंनी त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "आधी डोकं पूस. भिजला."

किल्ली त्यांनी घेतली नाही. पण तो पायरीवर ठेवून निघाला, तेव्हा त्यांनी ती परतही केली नाही.

त्या दिवशी निशांतने दुरुस्ती लिहिली, पण यंत्रात घातली नाही. मॉइराच्या बंद नोंदीखाली त्याने आधी एकच वाक्य लिहिलं: "आमच्याकडे घडतं." त्याखाली वादळ, मध्यरात्र आणि दोन दिशांचा हिशेब मांडला. त्याखाली दुरुस्ती जोडली.

पौर्णिमेला गजभिये कुटुंबाला पुन्हा बोलावलं गेलं. आदल्या संध्याकाळी निशांतने वीज आणि तार दोन्ही तोडली, वीज जोडली, तार तशीच राहू दिली. स्वयंपाकघराच्या दाराचं बटणही त्याने काढून घेतलं आणि बुद्धमूर्तीसमोरच्या पाटावर, सर्वांना दिसेल असं ठेवलं.

अकरा वाजता पार्बताबाईंनी हाताने घंटा दिली. जुनी, पितळी. वंदना झाली. पानं वाढली गेली. भात मोकळा होता, वाफ येत होती. भिक्खू जेवू लागले. पार्बताबाई सर्वांच्या पुढे, भरल्या हंड्याशी उभ्या होत्या.

आणि यंत्राची घंटा वाजली.

कोणी तिच्या जवळपासही नव्हतं. गजभियेंच्या जावयाने मनगटाकडे पाहिलं. साडेअकरा.

निशांत उठून उभा राहिला. त्याने हात जोडले.

"त्या दिवशी अशीच वाजली होती," तो म्हणाला. "यात मावशींचा हात नव्हता. भात तयार होता. घंटेआधी वाढू नका, असं त्यांना मीच सांगितलं होतं. आणि न समजताच, असं घडत नाही, असंही मीच म्हणालो."

तो आणखी बोलणार होता. पण गजभियेंची आई उठली. तिने भाताची पळी पार्बताबाईंच्या हातातून घेतली, त्यांना पंगतीच्या टोकाला बसवलं आणि त्यांच्या पानात भात वाढला.

"एवढा कोन खाईन वो?" पार्बताबाई म्हणाल्या.

"खा गुपचूप," गजभियेंची आई म्हणाली, आणि आणखी एक पळी वाढली.

दुपारी पाऊस उघडला. निशांत व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. यंत्रात आता दुरुस्ती होती. तरीही अकराची घंटा पार्बताबाईंनीच द्यावी, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं, ते कोणाला नीट सांगता आलं नसतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत त्या कुणाला तरी, हंडा असा घासतात का, म्हणून रागवत होत्या.

"भंते," निशांत म्हणाला. "नोंद पुन्हा उघडली त्यांनी. आणि मॉइराचं उत्तर आलं आहे."

"काय म्हणते?"

"'चार वर्षांनी कोणीतरी हो म्हणालं. रात्री मी खुराड्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं. तुमच्या कोंबड्या आता कशा आहेत?'"

आतलं रागावणं थांबलं. पार्बताबाई दारात आल्या होत्या.

"यावर काय लिहू, भंते?"

भंतेंनी डोळे मिटले. जरा वेळाने उघडले.

"लिही... कोंबड्या नाहीत. भात वेळेवर झाला होता."